नोंद होते, दखल केव्हा?

तालुक्याच्या रुग्णालयात सकाळची पाळी सुरू झाली की परिचारिका हातात ट्रे घेऊन एकेका खाटेपाशी जाते. काखेत थर्मामीटर, मनगटावर बोटे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा. काही मिनिटांत चार-पाच आकडे तक्त्यावर उतरतात. उशाशी बसलेला नातेवाईक विचारतो, ‘‘सिस्टर, बीपी किती आहे?’’ ‘‘नॉर्मल आहे,’’ असे उत्तर मिळते आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. रुग्णसेवेतील सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त आणि दिवसातून सर्वाधिक वेळा होणारी तपासणी ती हीच. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आरोग्यसेवेची चर्चा मात्र इमारती, खाटा, यंत्रसामग्री आणि डॉक्टरांची पदे यांच्याभोवतीच फिरत राहते. खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या या तक्त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचा पहिला इशारा मात्र बहुतेक वेळा याच तक्त्यावर उमटलेला असतो.

हे विधान अनुमानाचे नाही. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल असताना हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत प्रकृती बिघडत असल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी कागदावर होत्या. म्हणजे संकट अचानक कोसळले नव्हते. त्याची चाहूल लागली होती, ती लिहूनही ठेवण्यात आली होती. तिची वेळेत दखल घेतली गेली नव्हती, एवढेच. त्यानंतरच्या तीन दशकांत जगभरच्या रुग्णालयांनी या एका निष्कर्षाभोवती नव्या पद्धती उभारल्या. आपल्याकडील तालुका पातळीवर तो निष्कर्ष अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही.

अंतर म्हणजेच वेळ

या दोन तालुक्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो तो भूगोलामुळे. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, महिला रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये यांमुळे बारामती शहर आता आसपासच्या परिसराचे वैद्यकीय केंद्र बनले आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, भिगवणला ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे आहे. तरीही गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याची वेळ येतेच. इंदापूरहून बारामती सुमारे ५० किलोमीटर, तर पुणे सुमारे १४० किलोमीटर. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर किंवा उजनीच्या काठावरील एखादी वस्ती यांच्यासाठी आधी इंदापूर गाठण्याचा वेळही त्यात मिळवावा लागतो.

पुण्यातील मोठ्या रुग्णालयात प्रकृती ढासळल्याचे उशिरा लक्षात आले, तरी अतिदक्षता विभाग एक मजला वर असतो. इंदापुरात तेच दोन तास उशिरा लक्षात आले, तर त्या दोन तासांत रुग्णवाहिकेच्या प्रवासाचे आणखी दोन-अडीच तास मिळतात. जेथे तज्ज्ञ लांब, तेथे इशारा लवकर मिळणे अधिक आवश्यक, हा साधा हिशेब आहे. हा इशारा देऊ शकेल अशी व्यक्ती चोवीस तास रुग्णाजवळ असते. ती म्हणजे परिचारिका.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येथे येऊन राहतात. त्यांच्यापैकी एखादी स्त्री रुग्णालयात दाखल झाली, तर तिचा एरवीचा रक्तदाब किती, नाडी किती, हिमोग्लोबिन किती, हे सांगणारा कागद अनेकदा जवळ नसतो. ‘नॉर्मल’ हा शब्द तेव्हा पोकळ ठरतो. ज्याचा नेहमीचा वरचा रक्तदाब १६० आहे, त्याचा ११० वर आला तर ते आरोग्याचे लक्षण नसून धोक्याचे असू शकते. आणि ज्या कृश तरुणीचा तो नेहमीच १०० असतो, तिच्यासाठी ११० हा चिंतेचा विषय नाही. पूर्वीचा आकडा माहीत नसेल, तर पहिल्या तासाभरात दोन-तीनदा मोजून स्वतःच तुलनेचा आधार तयार करावा लागतो. एकटा आकडा फारसे सांगत नाही. आकड्यांची दिशा सांगते.

शरीर आधी काय बोलते?

तापमान, नाडी, श्वसनाचा वेग आणि रक्तदाब ही चार चिन्हे परंपरेने मूलभूत मानली जातात. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि रुग्णाची शुद्ध या दोहोंची भर त्यांत नंतर पडली. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये तापमानाच्या नोंदींचा शास्त्रीय पाया घातला. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधण्याचा पट्टा आणला आणि रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने रक्तदाब ऐकण्याची रीत दाखवली. पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. श्वास मोजण्यासाठी मात्र कोणत्याही संशोधकाची वाट पाहावी लागली नाही. त्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि एक मिनिट एवढेच लागते. गंमत अशी, की सर्वांत कमी साधनांनी मोजता येणारे हेच चिन्ह सर्वाधिक दुर्लक्षित राहिले आहे.

शरीरात रक्तस्राव सुरू झाला किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, की शरीर प्रथम स्वतःच तो तोल सावरू पाहते. हृदय अधिक वेगाने चालते, कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात. या सावरण्यामुळे रक्तदाब काही काळ टिकून राहतो. निरोगी तरुण व्यक्तीच्या शरीरातील जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत रक्त गेले, तरी वरचा रक्तदाब फारसा उतरलेला दिसत नाही, असे अपघातवैद्यक सांगते. दुसरीकडे पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तातील आम्लता वाढते आणि ती बाहेर टाकण्यासाठी श्वासाचा वेग वाढतो. म्हणून नाडी आणि श्वास आधी बोलतात, रक्तदाब शेवटी. नातेवाईक ज्या एका आकड्याची विचारणा करतो, तोच आकडा अनेकदा सर्वांत उशिरा बदलतो.

याला अपवादही आहेत आणि ते जाणणे हाच परिचर्येतील कौशल्याचा भाग. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत; अशा वृद्धाची नाडी ७८ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. वयस्कर रुग्णाला गंभीर संसर्ग असूनही ताप नसतो, उलट अंग थंड पडते. कालपर्यंत नातवंडांची नावे घेणारी आजी आज सकाळी असंबद्ध बोलू लागली, तर तो ‘वयाचा परिणाम’ नसून प्राणवायू किंवा साखर कमी झाल्याचे चिन्ह असू शकते. रुग्णाच्या शुद्धीत नव्याने झालेला असा बदल हासुद्धा नोंद घेण्याजोगा, किंबहुना सर्वांत गंभीर आकड्याच्या तोडीचा इशारा आहे.

एका श्वासाची किंमत

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ मध्ये प्रौढ रुग्णांसाठी पूर्वसूचनेची एक गुणपद्धती आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. प्रत्येक चिन्ह सामान्य मर्यादेपासून किती दूर गेले, यानुसार त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज पाच किंवा त्याहून अधिक झाली तर डॉक्टरांनी तातडीने रुग्ण पाहावा. सात किंवा अधिक झाली तर ती आणीबाणी समजावी. कोणत्याही एकाच चिन्हाला तीन गुण मिळाले तरीही डॉक्टरांना कळवायचे. ही पद्धत लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही. त्यांचे तक्ते वेगळे असतात. तिचे मर्म समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण पुरेसे आहे.

समजा, इंदापूर परिसरातील साठ वर्षांचा एक शेतकरी पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी दाखल झाला आहे. रात्री दहाला त्याची नाडी १०४, वरचा रक्तदाब १०८, ताप १०१ अंश फॅरनहाइट, प्राणवायू ९५ टक्के आणि श्वास मिनिटाला २२. यांतील कोणताही आकडा एकटा पाहिला तर कोणाची झोप उडणार नाही. गुणपद्धतीनुसार मात्र नाडीला एक, रक्तदाबाला एक, तापाला एक, प्राणवायूला एक आणि श्वासाला दोन, अशी बेरीज सहा होते. डॉक्टरांना तातडीने बोलावण्याची ही पातळी आहे. आता याच रुग्णाचा श्वास प्रत्यक्ष न मोजता सवयीने १८ लिहिला, असे समजा. श्वासाचे दोन गुण गळतात आणि बेरीज चारवर येते. कागदावर रुग्ण बरा दिसतो आणि रात्र सरून जाते.

श्वासाच्या रकान्यात खाटेमागून खाट १८ किंवा २० हेच आकडे उमटलेले दिसणे ही जगभरच्या रुग्णालयांतील सवय आहे. तिच्यावर अनेक देशांत लिहिले गेले आहे. त्याचे कारण निव्वळ आळस नाही. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर एका श्वासाची चूक चारची होते. आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की रुग्णाचा वेग बदलतो. म्हणून नाडी पाहण्याच्या मिषाने मनगट धरून ठेवून छातीकडे लक्ष द्यावे लागते. हे सारे विद्यार्थिदशेत शिकवले जाते. तीस खाटांच्या कक्षात रात्री एकटीने वावरताना ते पाळणे किती शक्य आहे, हा खरा प्रश्न.

यंत्र चुकते कोठे?

यंत्रे आली म्हणजे चूक टळली, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः यंत्राने मोजताना चुकण्याच्या वाटा बदलतात, संपत नाहीत. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबकळत असला तरी वाढतो. बोलत असताना, पायावर पाय टाकून बसले असताना किंवा लघवी तुंबलेली असतानाही वाढतो. घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधला, तर बाहीचाच आवळ बसतो. म्हणून पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटे शांत बसल्यावर मोजावे, हा नियम.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने जाते, तेव्हा या नियमाची कसोटी लागते. वाटेवरील आरोग्य केंद्रांपुढे वारकऱ्यांची रांग लागलेली असते. मैलोगणती चालून आलेल्या, घामाघूम झालेल्या वृद्धाला उभ्याउभ्या पट्टा बांधला आणि १७० आकडा आला, तर तो रक्तदाबाचा विकार की चालण्याचा परिणाम, हे सांगता येत नाही. त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या, अंगातील पाणी कमी झालेल्या माउलीचा १०० आला तर ‘बीपी चांगले आहे’ असे म्हणून तिला पुढे पाठवणे धोक्याचे. तिची नाडी १२० आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या शंभराला अर्थ नाही. गर्दीतही पाच मिनिटे सावलीत बसवून पुन्हा मोजण्याची व्यवस्था करता येते. त्यासाठी औषध लागत नाही, चार खुर्च्या लागतात.

पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट आणखी बोलकी आहे. करोनाच्या साथीपूर्वी हे यंत्र सामान्य कुटुंबाला ठाऊक नव्हते. राज्य सरकारने १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू केली, तेव्हा आशा स्वयंसेविका आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन प्रत्येकाचे तापमान आणि प्राणवायू मोजू लागले. धाप लागलेली नसतानाही प्राणवायू खाली गेलेला असू शकतो, हे राज्याने तेव्हा अनुभवाने शिकले. ९४ आणि ९५ हे आकडे वाड्यावस्त्यांवरील बोलण्यात आले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. त्वचेच्या रंगानुसार यंत्र चुकते, ही बाब भारतासारख्या देशाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. थंड बोटे आणि नखांवरील रंग हेही आकडा बिघडवतात. उलट, वर्षानुवर्षे विडी ओढल्याने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी होत आलेल्या काही रुग्णांत ८८ ते ९२ हीच योग्य पातळी असते. तेथे आकडा शंभराकडे नेण्यासाठी प्राणवायू भरमसाट सोडणे अपायकारक ठरू शकते. यंत्र आकडा देते; तो या रुग्णाला लागू कसा करायचा, हे माणसानेच ठरवायचे असते.

मोजणे आणि करणे

मोजण्याने जीव वाचतात का, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केले, तेव्हा बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया हे होते. क्ष-किरण यंत्र आणि डॉक्टर दोन्ही दूर. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो न्यूमोनियाचा इशारा, हा निकष खेड्यातील कार्यकर्त्यांना शिकवता येण्याजोगा होता. ज्यांना मोठे अंक मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधे साधन बनवले गेले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर औषध सुरू करायचे. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. पुढे घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले आणि २०११ पासून हीच पद्धत देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या कामाचा भाग झाली.

या यशातील निर्णायक बाब मणी किंवा घड्याळ ही नव्हती. मोजणाऱ्या व्यक्तीच्या हाती पुढची कृती होती. लाल मणी आला की तिने कोणाची परवानगी मागत बसायचे नव्हते. औषध तिच्याच पिशवीत होते.

अलीकडच्या दोन प्रयोगांनी हाच मुद्दा वेगळ्या प्रकारे सिद्ध केला. नाडी आणि रक्तदाबाचे गुणोत्तर काढून हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा दाखवणारे एक यंत्र गरोदर व बाळंत स्त्रियांसाठी तयार करण्यात आले. आफ्रिकेतील अनेक ठिकाणे, हैती आणि भारत येथे त्याची मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा यंत्रामुळेच फरक पडला असे ठामपणे म्हणता आले नाही. याउलट केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील प्रयोगात प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मोजण्यासाठी खुणा असलेले साधे आच्छादन वापरले गेले आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच मालिश, औषधे, सलाइन व तपासणी हे सर्व उपचार एकत्र सुरू करण्याचा अधिकार तेथील प्रसूतिसेविकांना दिला गेला. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. प्रसूतीनंतर रक्तस्राव ५०० मिलिलिटरपर्यंत जाण्याची वाट पाहू नये. तो ३०० मिलिलिटर झाला आणि मूलभूत चिन्हांपैकी एखादे बिघडलेले दिसले, तर उपचार सुरू करावेत, असे आता सांगितले जाते.

बाळंतिणीची नाडी ११८ आणि वरचा रक्तदाब ११० असेल, तर तक्त्यावर रक्तदाब ‘नॉर्मल’ आहे. पण नाडीला रक्तदाबाने भागले तर उत्तर एकच्या वर जाते; ०.९ च्या पुढे गेले की सावध व्हावे, असा संकेत आहे. साधा नियम सांगायचा तर, नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला ओलांडू लागला की रक्त कोठे तरी वाहते आहे असे समजून शोध घ्यावा. हे गणित करण्यासाठी यंत्र लागत नाही. ते केल्यावर परिचारिकेने काय करायचे आणि तिचे कोणी ऐकायचे, हे मात्र आधी ठरलेले असावे लागते.

वेळ आणि अधिकार

येथे दोन अडचणी समोर येतात. पहिली वेळेची. सहाही चिन्हे नीट मोजून लिहायला एका रुग्णामागे पाच मिनिटे धरली, तर तीस रुग्णांसाठी अडीच तास लागतात. दर चार तासांनी नोंद हवी म्हटले, तर आठ तासांच्या पाळीतील पाच तास त्यातच जातात. इंजेक्शने, सलाइन, जखमांची मलमपट्टी, नवे दाखले, नोंदवह्या आणि नातेवाइकांची समजूत यांसाठी तीन तास उरतात. अशा स्थितीत सर्वांचे सर्व काही मोजा, असा आदेश काढणे म्हणजे खोट्या नोंदींना निमंत्रण देणे होय. कोणाचे किती वेळा मोजायचे, याची प्रतवारी करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. उद्या घरी जाणाऱ्या रुग्णाचे दिवसातून दोनदा पुरे. शस्त्रक्रियेनंतरच्या, ताज्या बाळंतिणीच्या आणि बेरीज वाढत चाललेल्या रुग्णाचे तासातासाला हवे. पद भरतीचा प्रश्न यामुळे सुटत नाही. पण आहे त्या मनुष्यबळाचे लक्ष योग्य खाटेकडे वळते.

दुसरी अडचण अधिकाराची. रात्री दोन वाजता ‘‘पेशंट बरा वाटत नाही,’’ असा फोन करणाऱ्या परिचारिकेला ‘‘सकाळी बघू,’’ असे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. तिने दोनदा असे ऐकले की तिसऱ्यांदा ती फोन करत नाही. त्याऐवजी ‘‘दहाला बेरीज तीन होती, आता सहा आहे, श्वास १८ वरून २४ वर गेला आहे,’’ असे ती म्हणू शकली, तर तो तिचा वैयक्तिक अंदाज राहत नाही. किती बेरजेला किती मिनिटांत कोणी यायचे आणि ते न आल्यास पुढे कोणाला कळवायचे, हे रुग्णालयाने लेखी ठरवले असेल, तर फोन करणे तिचे धाडस न राहता कर्तव्य होते आणि येणे ही डॉक्टरांची मर्जी राहत नाही. गुणपद्धतीचा खरा उपयोग हाच आहे. तिला मर्यादाही आहेत. बेरीज कमी असूनही अनुभवी परिचारिकेला रुग्णाचा चेहरा वेगळा वाटला, तर त्या शंकेलाही फोन करण्याइतके वजन असले पाहिजे.

बारामती-इंदापूरला काय शक्य आहे?

या दोन तालुक्यांत ही घडी बसवणे अवघड नाही. बारामतीत वैद्यकीय महाविद्यालय आहे. नव्या डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून परिचारिकेचा तक्ता वाचण्याची सवय तेथे लावता येईल. उपजिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यासाठी प्रौढ, गरोदर-बाळंत स्त्रिया आणि बालके यांचे तीन स्वतंत्र पण सर्वत्र सारखेच तक्ते ठरवता येतील. भिगवणचा सहा आणि बारामतीचा सहा यांचा अर्थ एकच असला, तर फोनवर अर्ध्या मिनिटात काम होते. कक्षातील भिंतीवर सेकंदकाट्याचे मोठे घड्याळ, तीन मापांचे रक्तदाबाचे पट्टे, वर्षातून ठरावीक वेळा यंत्रांची अचूकता तपासण्याची नोंद, हा खर्च कोणत्याही नव्या यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे. साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामाच्या सुरुवातीलाच कामगारांचा रक्तदाब, नाडी आणि वजन मोजून ते त्यांच्याच हाती एका कार्डावर दिले, तर पुढे दाखल होताना तुलनेचा पहिला आकडा सोबत असेल.

सर्वांत तातडीचा बदल रुग्णाला पुढे पाठवतानाच्या चिठ्ठीत हवा. ‘प्रकृती गंभीर, पुढील उपचारांसाठी रवाना’ एवढ्या ओळीवर पुण्याच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. त्याऐवजी शेवटच्या चार नोंदी, त्यांच्या वेळा आणि प्रत्येक वेळी काय उपचार केले, हे चिठ्ठीवर असावे. रुग्णवाहिकेत दर पंधरा मिनिटांनी त्यात भर पडावी. रुग्ण १४० किलोमीटर प्रवास करून पोहोचेल, तेव्हा त्याची कहाणी नव्याने सुरू करावी लागणार नाही.

नागरिकांनाही यात वाटा उचलता येईल. ‘‘सिस्टर, बीपी किती आहे?’’ या प्रश्नात गैर काही नाही. पण त्याला आणखी एक प्रश्न जोडता येईल: ‘‘सकाळी किती होते, आणि श्वास किती आहे?’’ हा प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारण्याचे कारण नाही. मिनिटभर श्वास मोजणारी परिचारिका खाटेपाशी नुसती उभी आहे असे दिसते, तेव्हा ती काम करत असते. त्या एका मिनिटात तिला हाक न मारणे, एवढे सहकार्य कोणत्याही नातेवाइकाला आजच्या पाळीपासून करता येण्याजोगे आहे.